मरियेचे लुगडे



मराठी शाळेत उभी हयात घालविलेल्या माणसाने आकाशवाणीवरून चित्रकलेविषयी बोलावे, हे काहीसे साहसच होय. मुलांकडून आंबा, घर आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य काढवून घेणे, यापलीकडे या विषयातील माझा अधिकार नाही. परंतु आजच्या भाषणाचा विषय मला त्या मुलांनीच दिला, म्हणून प्रथम त्याची हकीकत सांगतो.

महाडहून पोलादपूरकडे जाताना डोंगराच्या अंगास ज्या वाड्या लागतात, त्यांपैकी एका ठिकाणी मी चौथीचा वर्ग शिकवीत होतो. एके दिवशी मुलांना स्वतःचेच चित्र काढून रंगविण्यास सांगितले. तासाच्या शेवटी वह्या पाहतो तो सगळी मुले गुलाबी! रंगीत खडूंच्या पेटीत फिकट गुलाबी रंगाचा एक खडू असतो. दुकानदार त्यास ‘स्किन’ म्हणजे कातडीचा रंग म्हणतात, आणि मुलेही त्याच नावाने तो एकमेकांकडे मागतात. उन्हात गुरे राखून आणि सावित्रीच्या पाण्यात डुंबून रापलेली ती मुले. पण वहीत प्रत्येकजण विलायतेहून नुकताच उतरल्यासारखा. एका मुलाने मात्र तोंड व हात कोरेच ठेविले होते. कारण विचारता तो म्हणाला, “गुरुजी, माझा रंग पेटीत नाही.” मी त्याला तपकिरी खडू दाखविला. त्यावर तो म्हणाला, “तो झाडाच्या बुंध्याचा आहे.” वर्ग हसला. मीही हसलो असेन. आता ते आठवले म्हणजे बरे वाटत नाही.

त्या पोराचा प्रश्न लहान नव्हता. आपला वर्ण, आपला वेष, आपली मुखचर्या चित्रात येण्यास योग्य आहे काय, आणि नसेल तर तसे ठरविले कोणी, हा तो प्रश्न. परसत्तेखाली राहिलेल्या देशोदेशींच्या चित्रकारांस गेल्या शतकात त्याने स्वस्थ बसू दिलेले नाही. आपल्या शेजारच्या गोमंतकात एका चित्रकाराने तो अत्यंत शांतपणे सोडवू पाहिला, व दुसऱ्याने अत्यंत संतापाने. पहिल्याचे नाव आंजेलो द फोन्सेका, दुसऱ्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा. सूझा यांचे नाव वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पुष्कळांस ठाऊक आहे, कारण त्यांची चित्रे कोट्यवधी रुपयांस विकली जातात. फोन्सेका यांचे नाव मात्र, ते पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ राहून तेथेच वारले तरी, आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. म्हणून आज मुख्यतः त्यांच्याविषयीच बोलावे, असे योजिले आहे.

पोलादपूर हे गोव्याच्या वाटेवरचे गाव. मी लहान असताना गोव्याकडील मालमोटारी कशेडीचा घाट चढण्यापूर्वी तेथे थांबत, आणि चालक चहा घेईपर्यंत आम्ही पोरे मोटारीभोवती गोळा होत असू. एका मोटारीत काचेच्या वर येशू ख्रिस्ताची तसबीर असे. सोनेरी केस, निळे डोळे, दुधासारखी कांती. तिला हार घालणारा तो चालक आमच्यासारखाच काळासावळा होता. त्या वेळी त्यात विसंगत असे काही वाटले नाही. वाटावे तरी का? आमच्या घरच्या दिनदर्शिकेवरील लक्ष्मीही गोरीपानच होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरास शिळाछापाचा कारखाना काढला तेव्हापासून ज्या देवता घरोघर जाऊन बसल्या, त्यांची कांती एकंदरीत गोरीच. ज्याच्या नावाचाच अर्थ काळा, तो कृष्णदेखील दिनदर्शिकेवर फिकट निळा होऊन येतो, आणि पंढरपुरास ज्याचा काळा पाषाण आपण डोळे भरून पाहतो त्या विठ्ठलास रंगारी गुळगुळीत करून सोडतो. तेव्हा गोमंतकातील ख्रिस्ती मंडळींस हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तथापि गोमंतकाची गोष्ट काही अंशी निराळी आहे. तेथे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता, तो राजाज्ञेचा होता. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. आरंभीच्या पाद्र्यांत लोकांच्या भाषेचे महत्त्व जाणणारे काही होते. त्यांतील सर्वांत थोर म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स, जातीचा इंग्रज. त्याने ‘क्रिस्तपुराण’ हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य मराठीत रचिले आणि ते १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे, ज्यास पोर्तुगीज राशोल म्हणत, छापले गेले. म्हणजे ख्रिस्ताची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बसू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पण वारा पुढे फिरला. १६८४ साली विसरेईने, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधीने, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकून स्वभाषा टाकून द्यावी, असा हुकूम काढिला. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे धर्मविषयक चौकशीचे न्यायासन, मध्यंतरीची थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाने १७३६ साली जो जाहीरनामा काढिला, तो आपल्या आजच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणत्या देशी चालीरीती सोडाव्या याची लांबलचक जंत्री होती. पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी कलमे तीत होती. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जिज्ञासूंनी हा सर्व प्रकार पाहावा.

माणसाची भाषा काढून घेणे आणि त्याचे वस्त्र काढून घेणे, या दोन्ही गोष्टींचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पुढे बंदी उठली तरी लाज उरते. प्रतिष्ठित ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज बोलणे व युरोपीय पोषाख करणे हे कुलीनतेचे लक्षण ठरले. देवळांतील वेदीवरचे संत तर पहिल्यापासूनच युरोपीय चेहऱ्याचे. ते घडविणारे हात मात्र पुष्कळदा येथल्याच कारागिरांचे होते, आणि हात कधी कधी मनाचे ऐकत नाहीत. गोव्यात घडलेल्या जुन्या हस्तिदंती मूर्तींत बालयेशू मेंढपाळाच्या रूपात दाखविलेला असतो. डोळे मिटून, गाल हातावर टेकून तो असा काही बसलेला असतो की पाहणाऱ्यास बुद्धाची आठवण व्हावी. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात अशा मूर्ती पाहावयास मिळतात.

अशा या भूमीत, सांत इस्तेव्ह नावाच्या बेटावरील एका जमीनदार ख्रिस्ती कुटुंबात, १९०२ साली आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म झाला. घरच्यांच्या मनात मुलाने डॉक्टर व्हावे असे होते व काही काळ त्यांनी वैद्यकाचा अभ्यासही केला. परंतु ते सोडून त्यांनी मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत नाव घातले. १८५७ साली सुरू झालेल्या या विद्यालयाने पश्चिम हिंदुस्थानास किती चित्रकार दिले हे सांगणे नको. गोमंतकीयांनाही तिने नावारूपास आणिले. १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद हे तेथेच शिकले व तेथेच शिकविते झाले. तैलरंगातील त्यांची व्यक्तिचित्रे पाहून लोक त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत.

पण त्या काळच्या कलाशाळेत विद्यार्थी काय पाहून शिकत असे, याचा विचार करा. ग्रीस-रोममधील पुतळ्यांच्या पांढऱ्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून त्यांवरील छायाप्रकाश महिनोन्‌महिने रेखाटावयाचा, हा अभ्यासाचा पाया. मानवी देहाचे आदर्श रूप म्हणजे पांढरे, सरळ नाकाचे व कुरळ्या केसांचे, हे मग डोळ्यांत पक्के बसे. शिक्षण उत्तम होते, त्यात शंका नाही. पण माझ्या वर्गातील ‘स्किन’ खडूचा हा एक थोरला भाऊच नव्हे काय?

फोन्सेका यांचे मन तेथे रमले नाही. ते बंगाल्यात गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बसू यांच्या हाताखाली शिकले. अवनींद्रनाथांनी १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीत, भगवी साडी नेसलेल्या चतुर्भुज स्त्रीच्या रूपात भारतमाता रंगविली होती. एखादी कल्पना साडी नेसून कशी उभी राहते, याचा तो पाठच होता. त्यांच्या चित्रणाची तऱ्हाही तैलरंगाहून भिन्न. योकोयामा ताइकान आदी जपानी चित्रकार १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आले असता त्यांच्या सहवासात अवनींद्रनाथांनी ती बनविली. कागदावर पाण्यात कालविलेल्या रंगाचा पातळ थर द्यावयाचा, तो वाळला की कागद पाण्याने भिजवावयाचा, पुन्हा थर, पुन्हा पाणी. असे अनेक वेळा केले म्हणजे रंग कागदावर बसून न राहता त्यात मुरतो आणि चित्राला धुके पडल्यासारखी कोवळीक येते. कातडीचा सावळा रंग या रीतीत फार जिवंत उतरतो, कारण तो एका खडूने भरलेला नसतो. त्यात पिवळा असतो, तांबडा असतो, कोठे निळ्याची छटाही असते. (त्या माझ्या विद्यार्थ्याने शेवटी तपकिरी खडूवर पिवळा घासून काम भागविले होते. मला ते सुचले नव्हते.)

ही विद्या घेऊन १९३० नंतर लवकरच फोन्सेका गोव्यास परतले, आणि त्यांनी जे केले ते ऐकावयास अगदी साधे आहे. त्यांनी येशूची आई मरिया हिला साडी नेसविली. सावळी किंवा गव्हाळ वर्णाची, डोक्यावरून पदर घेतलेली, अनवाणी, आपल्या घरातील एखादी लेकुरवाळी बाई असावी तशी मरिया त्यांनी पुन्हा पुन्हा रंगविली. देवदूताचा निरोप, येशूजन्म, शेवटचे भोजन हे युरोपातील थोर चित्रकारांनी शेकडो वेळा हाताळलेले प्रसंग त्यांनी येथल्या माणसांच्या, येथल्या उजेडातील घटना म्हणून मांडले.

यावर गोव्यात नापसंतीचा गदारोळ झाला. आज आपण त्या टीकाकारांस सहज कोत्या मनाचे म्हणू, पण एवढ्या घाईने निकाल देऊ नये असे मला वाटते. ज्यांच्या पूर्वजांना दोनशे वर्षे सांगण्यात आले की देशी वस्त्र ही अधर्माची खूण आहे, त्यांच्यापुढे एकाएकी देवमाता त्याच वस्त्रात उभी करणे म्हणजे त्यांच्या साऱ्या प्रतिष्ठेच्या पायाखालची फळी काढून घेणे होय. त्यांना ती मरिया हिंदू वाटली. त्यांच्या अनुभवात साडी हे हिंदू बाईचे वस्त्र होते आणि ख्रिस्ती भाटकारणीचे ते नव्हते. उलट बाजूने, एखाद्या हिंदू गृहस्थास ही धर्मप्रसाराची नवी युक्ती वाटणेही शक्य होते. चित्रकार असा दोन्हीकडून पेचात सापडला. तो स्वतः कोण, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही. आपण ख्रिस्ती आहो आणि भारतीय आहो, या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ घालण्याची आवश्यकता नाही, एवढेच तो चित्रांतून सांगत होता.

येथे महाडची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडास दुसरी परिषद भरली. त्या वेळी जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे त्यांनी जे भाषण केले त्याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. त्यांनी स्त्रियांस सांगितले की, तुमच्या अंगावरील वस्त्रालंकार ही अस्पृश्यतेची ओळख होऊन बसली आहे. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसणे सोडा, पांढरपेशा स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा. गळ्यातील गळसऱ्यांचे ढीग आणि कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने टाकून द्या. त्या स्त्रियांनी लगोलग लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली, असे त्या परिषदेच्या वृत्तांतात म्हटले आहे. लुगडे तेच, सूत तेच. ते चार बोटे खाली येण्यास एका महापुरुषाला परिषद भरवावी लागली! वस्त्र म्हणजे काय असते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने या प्रसंगाचे मनन करावे.

म्हणूनच फोन्सेका यांच्या चित्रांविषयी मला मनात एक शंकाही आहे, ती लपवीत नाही. मरियेला साडी नेसविली म्हणजे ती भारतीय झाली, असे म्हणून भागत नाही. साडी कोणाची? शेतात चिखलणी करणारी कुणबीण कासोटा मारून लुगडे नेसते, कोळीण निराळे नेसते, सरदार घराण्यातील बाई निराळे. गोमंतकात धर्म बदलला तरी जाती गेल्या नाहीत, ब्राह्मण ख्रिस्ती आणि शूद्र ख्रिस्ती असे भेद देवळातील मानपानापर्यंत टिकले. फोन्सेका यांची मरिया ज्या शांत, सुसंस्कृत डौलाने बसते, तो डौल पुष्कळदा खात्यापित्या घरचा वाटतो. बेथलेहेमच्या गोठ्यात बाळंत झालेली ती सुताराची बायको! तिच्या पायांना भेगा दाखविल्या असत्या तर? पण एका मनुष्याने एका आयुष्यात किती भिंती पाडाव्या, यालाही मर्यादा आहे. त्याने पाडलेली भिंत सर्वांत जाड होती.

गोवा सोडून ते पुण्यास आले. शिवाजीनगरास ‘क्रिस्त प्रेम सेवा संघ’ या नावाचा आश्रम होता, तेथे त्यांना राहण्यास व रंगविण्यास जागा मिळाली. या आश्रमाची कुळकथा मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. त्याचे मूळ संस्थापक जॅक विन्स्लो हे इंग्रज धर्मोपदेशक. १९२२ साली त्यांनी अहमदनगर जिल्ह्यात हा सेवासंघ काढिला, पुढे तो पुण्यास आला. यातील इंग्रज सभासद खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत आणि हिंदी बंधूंशी बरोबरीने राहत. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आलेले व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते १९२७ साली याच संघात. विन्स्लो यांना ही दृष्टी कोणी दिली? तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. टिळकांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९२३ मध्ये, विन्स्लो यांनी त्यांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. आपल्या कोकणातच जन्मलेले टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण त्यांनी ख्रिस्ताला विलायती सुरावटीत न गाता अभंगांत आळविले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे टिळकांच्या घरात काय काय घडले ते घरोघर ठाऊक आहे. परधर्मात गेलेला नवरा परका होत नाही, हे त्या बाईंना कळण्यास किती दिवस लागले आणि किती अश्रू लागले, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना फोन्सेका यांचे काम काय होते ते अधिक सांगावयास नको. फादर स्टीफन्सने ओवीत आणि टिळकांनी अभंगात जे केले, ते फोन्सेका यांनी कागदावर पाण्याने व रंगाने केले. परंतु शब्दापेक्षा चित्राची वाट बिकट. ओवी ऐकताना श्रोता आपल्या मनात हवा तसा येशू पाहू शकतो, पण चित्रकाराला नाक काढावे लागते, कातडीचा रंग ठरवावा लागतो, निऱ्या कोठे पाडावयाच्या ते सांगावे लागते. त्याला मोघम राहता येत नाही.

आता सूझा यांच्याकडे वळू. १९२४ साली बारदेशातील साळगाव येथे जन्मलेल्या या मुलाचा बाप तो तान्हा असतानाच वारला, बहीणही गेली. त्याला स्वतःला देवी आल्या, तेव्हा आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला, आणि मुलगा वाचला म्हणून न्यूटनच्या मागे फ्रान्सिस हे नाव लागले. आईने मुंबईस शिवणकाम करून त्याला वाढविले. त्याच कलाशाळेतून १९४५ साली सूझा यांना काढून टाकण्यात आले, कारण ‘चले जाव’ चळवळीतील त्यांचा वावर अधिकाऱ्यांना खपला नाही. १९४७ साली त्यांनी रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या अमरावतीकडचे गाडे यांच्यासह प्रगतिशील चित्रकारांचा संघ काढिला. दोन वर्षांनी ते लंडनला निघून गेले.

फोन्सेका यांनी परक्या येशूला आपल्या घरी आणून बसविले. सूझा यांनी तसा प्रयत्नच केला नाही. त्यांचा येशू कोणाच्याच घरी बसण्याजोगा नाही. लंडनच्या टेट कलासंग्रहात त्यांचे १९५९ सालचे ‘क्रुसिफिक्शन’ हे चित्र आहे. त्यात क्रुसावरील देह काळपट, काटेरी व तडफडणारा आहे. सुंदर निळ्या डोळ्यांचा त्यात मागमूस नाही. लहानपणी गोव्याच्या देवळांत पाहिलेल्या रक्तबंबाळ मूर्ती, धूप व भरजरी झगे यांचा मनावर उमटलेला ठसा त्यांनी कधी पुसू दिला नाही, पण त्या साऱ्याची त्यांनी उलटतपासणी केली. १९६५-६६ च्या सुमारास त्यांनी काळ्यावर काळा रंग वापरून चित्रांची एक मालिकाच रंगविली. समोर उभे राहून, मान वाकडी करून, प्रकाशाचा कोन साधला तरच त्यात चेहरा दिसतो. विलायतेत काळ्या माणसाकडे पाहूनही न पाहण्याची जी रीत, तिचे याहून समर्पक चित्र मला ठाऊक नाही. अर्थात हा अर्थ माझा. त्यांना विचारले असते तर बहुधा त्यांनी मला उडवून लावले असते. तोंडाने ते फटकळ होते. १९६७ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि २००२ साली मुंबईस आले असता येथेच वारले.

लंडनमध्ये त्या काळी असे अनेकजण येऊन पडले होते. ज्याला त्या वेळी ब्रिटिश गियाना म्हणत, तेथून १९५२ साली ऑब्री विल्यम्स व १९५३ साली फ्रँक बोलिंग हे चित्रकार आले. तो देश म्हणजे वेस्ट इंडीजचाच शेजारी. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी प्रथम आफ्रिकेतून गुलाम आणि १८३८ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. विल्यम्स यांनी तेथील मूळच्या वाराव लोकांत दोन वर्षे घालविली होती, आणि त्यांच्या खुणा व आकृती ते पुढे जन्मभर रंगवीत राहिले. बोलिंग यांनी मोठमोठ्या पटांवर रंगांच्या पुरात दक्षिण अमेरिकेचा नकाशा बुडता-तरंगता दाखविला. शाळेतील भिंतीवरचा नकाशा एवढा अस्वस्थ करू शकतो, हे त्या चित्रांच्या प्रतिकृती पाहीपर्यंत मला ठाऊक नव्हते, आणि नकाशा तर मी तीस वर्षे शिकविला. या सर्वांना लंडनच्या कलाजगताने आरंभी कौतुकाने जवळ केले व मग विसरून टाकिले. कराचीहून तेथे गेलेल्या रशीद अराईन यांनी खटपट करून १९८९ साली हेवर्ड कलादालनात ‘दि अदर स्टोरी’ या नावाचे प्रदर्शन भरविले, तेव्हा सूझा, विल्यम्स व बोलिंग यांची चित्रे एका छताखाली आली. फोन्सेका तेथे नव्हते. ते लंडनला राहिले नाहीत, शिवाजीनगरास राहिले. विलायतेच्या दृष्टीस पडण्यासाठीही विलायतेतच राहावे लागते, हा त्या जुन्या सत्तेचा उरलेला अंश म्हणावा काय?

१९५१ साली फोन्सेका यांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी आयव्ही यांचा चेहरा त्यानंतरच्या मरियेत वारंवार दिसतो असे जाणकार सांगतात. हे मला त्यांच्या साऱ्या चित्रांतील सर्वांत सुंदर गुपित वाटते. पंधराव्या शतकातील इटालियन चित्रकार तरी काय करीत होते? आपल्या गावातील मुलगी समोर बसवून तिलाच देवमाता करीत होते. फ्लॉरेन्सच्या पोरीला जे चालते, ते पुण्यातील ख्रिस्ती गृहिणीला का चालू नये, याचे उत्तर फोन्सेका यांच्या टीकाकारांजवळ नव्हते. निळ्या डोळ्यांची मरियाही मुळात कोणा एका गावचीच होती. गावाने आरमार बाळगले, म्हणून तिचा चेहरा सर्व जगाचा झाला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेस मोकळीक दिली व स्थानिक संस्कृतीतील कलेकडे धर्मसंस्थेने आदराने पाहावे असे ठरविले. म्हणजे जे केल्याबद्दल तीस वर्षांपूर्वी फोन्सेका यांना गाव सोडावे लागले, तेच आता रोमने मान्य केले. परिषद संपल्यावर अवघ्या दोन वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, मेंदूज्वराने त्यांचा अंत झाला. सत्कार स्वीकारण्यास ते उरले नाहीत. त्यांची शेकडो चित्रे पत्नीने एकटीने जपली, आणि पुढे ती गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राच्या स्वाधीन केली. ज्या गोव्याने ती चित्रे नाकारली होती, तेथेच ती अखेर पोहोचली.

आमच्या गावावरून उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्याकडे मोटारींची रीघ लागते. समुद्रकिनारे पाहण्यास कोणाची हरकत नाही. परंतु पर्वरी पणजीच्या अलीकडेच, मांडवीच्या उत्तर तीरावर, याच महामार्गावर आहे. केंद्रास आधी विचारणा करून सवडीने जावे. कागदावरील रंग नाजूक असल्यामुळे सर्व चित्रे एका वेळी मांडलेली असतीलच असे नाही. जी दिसतील ती जवळ जाऊन पाहावी आणि कातडीच्या रंगात किती रंग मिसळले आहेत ते मोजण्याचा प्रयत्न करावा. मुले बरोबर असल्यास त्यांनाही मोजू द्यावे.